बावीस इंचाची कुंची

माझे केस ४० इंच लांब आहेत. मिरवायला सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतेय. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. ४० इंच म्हणजे जवळपास १०० सेंटिमीटर, त्याला सव्वाने भागलं की आले ८० महिने. म्हणजे माझ्या वेणीच्या टोकाचा केस पावणेसात वर्षांचा झाला. पहिलीत नाव घालायच्या वयाचा! मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे असले हिशेब नको तेव्हा सुचतात. पण या पोराने सहा-सात उन्हाळे काढलेत आणि तेही विदर्भातले. त्याला फाटे फुटले तर त्याचं काय चुकलं?

त्यात आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. इथलं जमिनीखालचं पाणी खारट. साबण घासा, फेसाचं नाव नाही, नुसता चिकट साका. बोअरच्या पाण्याने न्हाऊन केस वाळवले की अंगण झाडायचा फडा कोणता आणि वेणी कोणती, हे अंधारात हात लावून सांगता येत नाही.

केसाच्या अंगावर बारीक खवले असतात. मुळाकडून टोकाकडे एकावर एक चढवलेले, थेट घरावरच्या कवेलूंसारखे. कवेलू जागच्या जागी आहेत तोवर छप्पर ठीक. पण एकदा का माकडांची टोळी त्यावरून नाचून गेली की पुढच्या पावसात घरात पाच ठिकाणी भगुणी मांडावी लागतात. माझ्या केसांवरची माकडं म्हणजे खारं पाणी, ऊन, सुती उशी, सुतळीची बाज आणि घरातला कापूस. भाव वाढेल या आशेने आमच्या पुढच्या खोलीत मार्चपर्यंत कापसाची गंजी पडून असते. भाव वाढत नाही, पण माझ्या डोक्यातला कापूस मात्र वाढतो.

एसटीत मागच्या माणसाच्या शर्टाच्या गुंडीत माझी वेणी दोनदा अडकलेली आहे. एकदा तो त्याच्या गावी उतरला तेव्हा मलाही उतरावं लागलं. माझं गाव पुढे होतं.

“कापून टाका नं म्याडम” असं सांगणाऱ्यांची मी यादी केली होती. त्यात दोन टकले निघाल्यावर यादी बंद केली.

नागपूरला शिकणारी भाची होळीला आली तेव्हा तिने नवीन ज्ञान दिलं. “मावशी, पूर्वीच्या बायका केस झाकून ठेवायच्या, म्हणून ते टिकायचे.” मी म्हटलं, आमच्याकडेही झाकायच्या, त्याला पदर म्हणतात. तर म्हणे तसं नाही, स्नूड. तिने मोबाइलवर फोटो दाखवले. मानेमागे जाळीची पिशवी आणि तिच्यात सगळे केस. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत, अमेरिकेत बाया कारखान्यांत कामाला लागल्या आणि मोकळे केस यंत्रात अडकायला लागले, तेव्हा हे स्नूड आणि डोक्याला गुंडाळायचे रुमाल पुन्हा चलनात आले. व्हेरॉनिका लेक नावाची एक नटी एका डोळ्यावर केस सोडायची आणि तिचं बघून कारखान्यातल्या पोरीही सोडायच्या. शेवटी १९४३ मध्ये सरकारच्या विनंतीवरून तिने केस वर बांधले. मला गंमत वाटली. आमच्याकडे जिनिंगमधल्या बाया कपाळापासून मानेपर्यंत फडकं आवळून बसतात, त्यांना कोणत्या सरकारने विनंती केली होती?

क्रोशा मला येतो. टीव्हीवरचा रुमाल, फ्रिजवरचा रुमाल, लग्नात आंदण आलेल्या मिक्सरवरचा रुमाल, सगळं माझ्याच हातचं. चार संध्याकाळी बसून काळ्या दोऱ्याचा स्नूड विणला, वेणी आत घातली आणि सासूबाईंसमोर उभी राहिले.

त्यांनी चष्मा वर केला. “हे तं शिकं हाये वं.”

“नाही आत्याबाई, हे केसांचं आहे.”

“मंग केसाचं शिकं.”

दोन दिवस वापरला. तिसऱ्या दिवशी माझा स्नूड स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला आणि त्यात पाच किलो लसूण. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर लसणाला तो जास्त शोभत होता.

मग दिवसा डोक्याला रुमाल बांधून पाहिला. गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्या शेजारच्याच तालुक्यातलं. बाबांनी डोक्यावर मडक्याचं खापर घालून अख्खा महाराष्ट्र पालथा घातला. मी साधा सुती रुमाल बांधून शाळेपर्यंत अर्धा किलोमीटर गेले, तर वाटेत तिघींनी थांबवलं. तिरुपतीला जाऊन आल्या का? डोकं दुखते का? तिसरीने काही विचारलंच नाही. आवाज खाली आणून म्हणाली, “सीताफयाच्या बिया वाटून लावजा, पन डोयात जाऊ देऊ नोका. एका रातीत साऱ्या मरतात.” गावात उघडं डोकं म्हणजे डोकं आणि झाकलेलं डोकं म्हणजे बातमी.

त्यामुळे ठरवलं की जे काय झाकायचं ते रात्री, घरात. आणि रेशमात. सुती कापड केसाला घासतं, शिवाय तेल पितं. माझ्या उशीत इतक्या वर्षांचं खोबरेल मुरलंय की पिळली तर वरणाला फोडणी बसेल. रेशमावरून केस घसरतो, कवेलू उचकटत नाहीत. भाची म्हणाली कोशाचं घे, आपल्या विदर्भातलंच आहे. आहेच, ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेल्या अळीचं. पण कोशाचं कापड हाताला जरा खरबरीत लागतं. मला हवं होतं तुतीचं, मऊ, घसरडं. ते घरात एकाच ठिकाणी होतं, माझ्या लग्नाच्या शालूत. एकोणीस वर्षं डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडलेला शालू. निऱ्यांच्या आत जाणारा, जरी नसलेला दीड हात तुकडा कापला. कापताना पोटात कसंसं झालं, हे कबूल करते. पण उरलेल्या शालूला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

आता आकार. कान, मान, पाठीवरची वेणी, सगळं झाकलं पाहिजे आणि गळ्याशी नाडी पाहिजे. कागदावर काढून पाहिलं तर आपली कुंचीच! लहान बाळाला घालतात ती. एवढं शतकांचं ज्ञान आपण पहिल्या वर्षी लेकराच्या डोक्याला घालतो आणि नंतर काढून टाकतो.

शुक्रवारी सकाळची शाळा आटोपून शिलाईवाल्या वहिनीकडे गेले. ती पायमशीनवर झंपर शिवत होती.

“वहिनी, एक कुंची शिवून पाहिजे.”

मशीन थांबलं.

“कुंची?”

“हो. आणि गोंडे-मणी काही नको. झोपेत टोचतात.”

“बरोबर हाये म्याडम. झोपीत टोचते नं.”

माप सांगितलं, बावीस इंच. तिने वहीत लिहिलं, वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. नेमकं कुठे बघितलं हे मला पाच दिवसांनी कळलं.

“घाई तं नाई नं?”

“लवकर झाली तर बरं. आता दिवस असे आलेत, थांबून चालत नाही.” मी उन्हाचं बोलत होते.

“हो, दिवसाचं तं तसंच असते.”

“आणि वहिनी, कोणाला सांगू नका. या वयात हे काय म्हणून लोक हसतात.”

तिने माझा हात धरला. “हासाचं काय हाये त्यात बाई? देवाची देन हाये.”

केसांबद्दल इतकं चांगलं मला कोणी बोललं नव्हतं. डोळे भरून आले. तेही तिने बघितलं.

सोमवारपासून गाव एकाएकी सुधारलं. एसटीत कंडक्टरने एका पोराला उठवून मला खिडकीची जागा दिली. सातवीच्या पोरींनी माझ्या हातातून वह्यांचा गठ्ठा ओढून घेतला. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी कैरीच्या फोडी तिखट-मीठ लावून पाठवल्या. मला वाटलं, रुमालाचा परिणाम असावा, डोकं झाकलेल्या बाईला मान देतात. घरी विहिरीवरून हंडा घेऊन निघाले तर सासूबाई दळण घेऊन चक्कीवरून येत होत्या. दुरूनच ओरडल्या, “ठेव तो हंडा खाली! पाय घसरन!” एकोणीस वर्षांत या बाईने मला हंडा खाली ठेवायला सांगितलं नव्हतं. कारण विचारायचा मूर्खपणा मी केला नाही. हंडा ठेवला.

रात्री हे पानठेल्यावरून आले ते गप्प. बाजेवर बसले, उठले, पुन्हा बसले.

“मले आधी सांगाचं होतं.”

“एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाला काय विचारायचं? शालू माझा, डोकं माझं.”

“शालू?”

“त्यातूनच तर केलं सगळं.”

ते बराच वेळ शून्यात बघत राहिले. मग म्हणाले, “पोरगं बारावीत हाये. ते काय म्हनन?”

“त्याला काय करायचंय? रात्री अंधारात कोण बघतं?”

यावर आमचे हे उठून गच्चीवर झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की पानठेल्यावर त्यांना अभिनंदन म्हणून सात जणांना चहा आणि चार खर्रे पाजावे-चारावे लागले होते. पैसे त्यांचेच. माझ्या आईचा फोन आला. ती आधी रडली, मग रागावली आणि म्हणाली, “एक्केचाळीस वर्षांची हाये तू, जरा लाज वाटू दे.” मी म्हटलं, “आई, तूच तर लहानपणी घालायचीस.” तिने फोन ठेवून दिला.

बुधवारी दुपारी आशाताई आल्या. काखेत रजिस्टर. मला वाटलं, गोळ्या वाटायच्या असतील किंवा घरातली माणसं मोजायची असतील. पाणी दिलं. त्यांनी रजिस्टर उघडून पेनाचं टोपण काढलं.

“बारा हप्त्याच्या आत नोंद झाली पाह्यजे म्याडम, तुम्हाले तं मालूम हाये. कितवा महिना?”

“एप्रिल लागेल आता.”

“थो नाई. तुमचा.”

“माझा कशाचा?”

आशाताईंनी आवाज खाली आणला. “पयल्या दोघांच्या वक्ती सिझर होतं का?”

इथे मात्र माझ्या डोक्यात एकेक कवेलू खाली पडायला लागलं. कंडक्टर. कैरी. हंडा. देवाची देन. मी बाजेवर बसले. बसताना माझा हात पोटावर गेला, खरंतर हसू आवरायला, पण आशाताईंनी लगेच “मळमळते का?” म्हणून लिहायला घेतलं. मी उठून वेणी सोडली, ४० इंच त्यांच्यासमोर धरले आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. स्नूड, लसूण, रेशीम, कारखान्यातल्या बाया. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हनजे तुम्ही सवता कुंची घालनार?”

गरोदर असते तर त्यांना कमी आश्चर्य वाटलं असतं.

बातमी जाताना जितक्या घरांत गेली, खुलासा त्याच्या पावपटही घरांत गेला नाही. काही जणी अजून माझ्याकडे बघून बोटं मोजतात. यांच्या जिवात जीव आला, पण सात चहा आणि चार खर्र्यांचे पैसे कोण देणार हा प्रश्न त्यांनी तीनदा काढला. सासूबाई मात्र जरा हिरमुसल्या. दळणाचा डबा जागेवर ठेवत म्हणाल्या, “मंग थो हंडा आन आता.”

संध्याकाळी शिलाईवाल्या वहिनीकडे गेले. रागावणार होते. तिने पिशवीतून कुंची काढून माझ्या तळहातावर ठेवली. तळहातावरच मावली. बारीक दुमड, आत मऊ मलमलीचं अस्तर, पाठीवर सुटणारा इवलासा पदर, गळ्याशी शालूच्याच कापडाची नाडी. टाका कुठे दिसत नव्हता. रागवायला जागाच नव्हती.

“वहिनी, मी बावीस इंच सांगितलं होतं.”

“बावीस इंच कोन्त्या लेकराचं डोक्शं असते म्याडम? म्या म्हटलं, घाबरल्या असतीन, सेंटीमीटर म्हनाचं असन. पन बावीस सेंटीमीटर तं संत्र्याएवढं होते. मंग म्या माह्या हिशेबानं चौदा इंच धरले.”

गणिताची शिक्षिका मी, आणि उदाहरण तिचं बरोबर होतं. शिलाई विचारली तर घेईना. शेवटी शेजारच्या खुर्चीवर पन्नास रुपये ठेवून पळाले.

त्या रात्री गच्चीवर बाज टाकली. केसांना तेल लावलं, सैलसर वेणी घातली आणि ती गुंडाळून बुचडा बांधला. हातात ती कुंची. सहज म्हणून बुचड्यावर चढवून बघितली. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. नाडी आवळली आणि मान हलवून पाहिली. जागची हलेना.

सासूबाई पलीकडच्या बाजेवर पडल्या होत्या. उठून बसल्या आणि चांदण्यात माझ्या पाठीमागून बराच वेळ निरखत राहिल्या. मग कमरेची चंची काढली, त्यातली काजळाची डबी शोधली आणि बोट बुडवून माझ्या बुचड्याला, कुंचीच्या कडेशी, एक ठिपका लावला.

“दीठ लागते वं,” म्हणाल्या. “आता त्याले पालथं नोको निजवू.”