‘व्होलाटाइल’ लावलं म्हणजे डेटा सुरक्षित झाला, असं नाही

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतोय: सी या प्रोग्रॅमिंग भाषेत ग्लोबल स्ट्रक्चरला (सगळ्या प्रोग्रॅमला दिसणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याला) ‘व्होलाटाइल’ हा शब्द लावा, मग कितीही थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणारी कामं) वापरोत, डेटा बिघडत नाही. हे साफ चूक आहे. कृपया पुढे पाठवू नका.

समजा, यंत्रमागावर धोट्याचे फेरे मोजणारा काउंटर ४१ वर आहे. दोन थ्रेडनी एकाच वेळी ४१ वाचलं, दोघांनीही ४२ लिहिलं. एक फेरा गेला! व्होलाटाइल फक्त कंपायलरला (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) सांगतं, व्हॅल्यू दरवेळी मेमरीतूनच वाच. हार्डवेअर रजिस्टरला (ज्यातली व्हॅल्यू उपकरण स्वतःच बदलू शकतं, अशा जागेला) ते हवंच.

एकट्या काउंटरला सी११ मधलं (सी भाषेच्या २०११ च्या आवृत्तीतलं) अ‍ॅटॉमिक पुरतं; त्यात वाचणं, वाढवणं, लिहिणं मध्ये न तुटता एकाच दमात होतं. अख्ख्या स्ट्रक्चरला मात्र म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक, लागतो. आणि माझा आग्रह असा, की स्ट्रक्चर एकाच फाइलमध्ये ‘स्टॅटिक’ (बाहेरच्या फाइलना न दिसणारं) ठेवा, बाकीच्यांना आतच लॉक घेणाऱ्या फंक्शनमधूनच हात लावू द्या. म्हणजे त्यांना लॉक विसरायला जागाच उरत नाही.