‘लेबर पक्षाने टवाळखोर संपवले’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला सोलापुरातल्या चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. थोडक्यात मजकूर असा: ‘इंग्लंडमध्ये लेबर पक्षाने १९९८ साली कायदा करून गल्लीतल्या टवाळखोरांना पाच-पाच वर्षं आत टाकलं. तिथली दांडगाई संपली. आपल्याकडे असा कायदाच नाही. महापालिकेला जो पक्ष तो आणायचं वचन देईल, त्यालाच मत द्या.’

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांचा त्रास खरा आहे. रात्रपाळी करून आलेला यंत्रमाग कामगार सकाळी जरा डोळा लावतो आणि खिडकीखालून सायलेन्सरमधून फटाके फोडत बुलेट जाते. क्लासहून परतणाऱ्या मुली कट्टा टाळण्यासाठी लांबचा रस्ता धरतात. हे मी रोज बघतो, म्हणूनच चुकीच्या माहितीवर उपाय ठरू नये असं मला वाटतं.

आधी ती पाच वर्षं. टवाळखोरी केली म्हणून कुणालाही थेट पाच वर्षं होत नव्हती. लेबर पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या सरकारने आणलेला ‘अँटी-सोशल बिहेवियर ऑर्डर’, तिकडच्या बोलण्यातला ‘आस्बो’, हा दिवाणी स्वरूपाचा मनाई आदेश होता. अमुक रस्त्यावर फिरकायचं नाही, तमुक मुलांबरोबर दिसायचं नाही, अशा अटी किमान दोन वर्षांसाठी. त्या मोडल्या तर मात्र गुन्हा आणि पाच वर्षांपर्यंत कैद. वयाची अट फक्त दहा वर्षं पूर्ण असण्याची. ऐकीव पुरावाही चालायचा. शेवटी २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाला सांगावं लागलं की प्रक्रिया दिवाणी असली तरी आरोप फौजदारी खटल्याइतकाच पक्का सिद्ध झाला पाहिजे.

माणसावर आधी शिक्का मारायचा आणि मग तो कुठे दिसतो यावरून पकडायचं, ही गोष्ट सोलापूरकराला तरी नवी वाटू नये. आपल्याच शहरात सेटलमेंट होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसलेल्या जमातींची कुटुंबं तारेच्या कुंपणाआड ठेवली होती, त्यांना हजेरी द्यावी लागायची. काहीही न केलेल्या बाळाच्या कपाळीही जन्मताच तो शिक्का यायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे. आस्बो एकेका माणसावर बजावला जायचा, जमातीवर नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी लपवत नाही. पण ‘याची ख्यातीच तशी’ एवढ्यावर कारवाई मागताना आपल्या जिभेला क्षणभर तरी अडखळायला हवं.

दांडगाई संपली का? एप्रिल १९९९ ते २०१३ अखेर इंग्लंड-वेल्समध्ये असे २४,४२७ आदेश निघाले. त्यातले ५८ टक्के किमान एकदा मोडले गेले. शंभरातले अठ्ठावन्न.

आणि लेबर पक्षाची ठाम भूमिका म्हणाल, तर २००० साली ब्लेअर म्हणाले होते की हुल्लडबाजाला पोलिसांनी एटीएमपर्यंत न्यावं आणि जागेवर शंभर पौंड दंड घ्यावा. पोलीस अधिकाऱ्यांनीच नापसंती दाखवली आणि काही दिवसांत ती कल्पना बासनात गेली. पुढे हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या संयुक्त सरकारने २०१४ च्या कायद्याने आस्बो मोडीत काढून दुसरे आदेश आणले. २०२४ च्या जाहीरनाम्यात लेबरने पुन्हा ‘रिस्पेक्ट ऑर्डर’ नावाच्या नव्या आदेशाचं वचन दिलं. टवाळखोरी तेव्हाच संपली असती, तर त्याच पक्षाला हे वचन पुन्हा का द्यावं लागलं असतं?

‘आपल्याकडे कायदाच नाही’ हे तर सपशेल चूक. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा आहे. त्यातली तडीपारी म्हणजे आस्बोची थोरली बहीणच: नोटीस, सुनावणी आणि दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर. ‘सोलापूर, धाराशिव जिल्ह्यांतून तडीपार’ ही बातमी आपण किती वेळा वाचतो! अट्टल गुंडासाठी १९८१ चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यांना आळा घालणारा राज्याचा कायदा आहे, त्यात वर्षभरापर्यंत स्थानबद्धता. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घातला तर जुन्या दंड संहितेत दंड होता फक्त दहा रुपये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो हजारापर्यंत गेला, चोवीस तासांपर्यंत कैद आहे, शिवाय समाजसेवेची शिक्षाही. कट्ट्यावरच्या पोराला चार दिवस चौक झाडायला लावणं मला तडीपारीपेक्षा केव्हाही बरं वाटतं. तडीपार झालेला पोरगा दुसऱ्या गावात बिनकामाचा आणि बिनओळखीचा राहतो आणि मुदत संपली की त्याच कट्ट्यावर येऊन बसतो.

राहिली महापालिका. कैदेची शिक्षा देणारा असा फौजदारी कायदा ती करूच शकत नाही, तो विधानसभेत किंवा संसदेत होतो. त्यामुळे असं वचन देणारा उमेदवार जे हातात नाही ते देऊ करतोय.

माझ्या दारात कुणी मत मागायला आलं, तर मी दोनच गोष्टी विचारणार आहे. क्लासच्या पोरी ज्या बोळातून येतात तिथे दिवे लावणार का? आणि रात्री ११२ ला फोन केल्यावर पुढे काय झालं, हे विचारायला माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात येणार का?