मालकांचं उत्तर: "दूध फाटलं, वाणाची फजिती झाली" या एक ताऱ्याच्या अभिप्रायावर

नमस्कार ताई,

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही आमच्या संत्रा-अंबाडी चहाच्या डब्या वाण म्हणून दिल्या, घरोघरी त्यात दूध फाटलं आणि मैत्रिणींचे फोन तुम्हाला आले. हौसेनं दिलेल्या वाणावरून ऐकून घ्यावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. माफी मागते. पण "शिळा माल गळ्यात मारला" असं जे तुम्ही लिहिलं, त्यावर गप्प बसणं जमणार नाही.

ताई, त्यात लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं आहेत. आपल्याकडे थंडीत ज्यांचं सरबत करतात, चटणी करतात, तीच. चहाला तो लालभडक रंग त्यांचाच, आणि आंबटपणाही त्यांचाच. उकळत्या दुधात आंबट पडलं की दूध फाटणारच, बोंडं कालची असोत की आजची. तुम्ही नेली ती याच हंगामातली होती, पॅकिंगची तारीख डबीच्या तळाशी आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, 14 अंकी नंबरही तिथेच आहे.

हा चहा दुधाचा नाही, हे आम्ही प्रत्येक डबीतल्या कार्डावर पहिल्याच ओळीत छापतो. एक चमचा मिश्रण, कपभर उकळतं पाणी, वर झाकण, पाच-सात मिनिटं, मग गाळायचं. वाटलं तर मध. झाकण अशासाठी की नाहीतर गवती चहाचा वास वाफेबरोबर उडून जातो. दूध नको, हे तर ठळक अक्षरात.

आता ते कार्ड तुमच्या डब्यांत का नव्हतं? हे चारचौघांत लिहायचं नव्हतं. तुम्हीच व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं होतं, की आमचं कार्ड काढा आणि तुमच्या नावाचं सोनेरी कार्ड टाका, दोन्ही ठेवली तर गर्दी दिसते. मी म्हटलंही होतं, "ताई, निदान करायची पद्धत राहू द्या नं." त्यावर तुमचं उत्तर होतं, "चहा करता येतो हो सगळ्यांना." मेसेज आहे माझ्याकडे. स्क्रीनशॉट इथे टाकणार नाही, गिऱ्हाइकाशी आम्ही तसं वागत नाही.

"40 ग्रॅम गवताचे 180 रुपये" असंही तुम्ही लिहिलं, त्याबद्दल थोडंसंच. गवती चहा घरच्या कुंडीतला असला तरी वाळल्यावर ढीगभर पात्यांचं मूठभर उरतं. तो उन्हात टाकला तर रंग आणि वास दोन्ही जातात, म्हणून सावलीत, पंख्याखाली. संत्री काटोलकडची. सालीचा आतला पांढरा भाग सासूबाई सुरीनं खरवडून काढतात, तो राहिला तर चहा कडू होतो. वेलची-दालचिनी नागपूरच्या इतवारी बाजारातून, त्यांचे भाव तुम्हाला माहीत आहेतच. जेष्ठमध घातला असता तर गोडी स्वस्तात आली असती. पण बीपीच्या माणसाला तो रोज चालत नाही, आणि भेट कोणाच्या घरी जाईल सांगता येत नाही, म्हणून भेटीच्या डब्यांत आम्ही तो घालतच नाही. हे कोणी विचारत नाही, म्हणून सांगितलं.

आमचं मोठं दुकान नाही ताई. गोकुळपेठेतल्या राहत्या घरातून हे चालतं, आणि संक्रांत ते रथसप्तमी हाच आमचा सीझन. तुमचा अभिप्राय वाचून लग्नातल्या रिटर्न गिफ्टची बोलून ठेवलेली एक ऑर्डर थांबली. त्या बाईंना मी काय समजावणार? आधी तारा दिसतो, बाकीचं कोण वाचतं!

यापुढे "दूध घालू नये" हे झाकणावरच छापून घेऊ, कार्ड कोणी काढा म्हटलं तरी. प्रिंटरवाल्याशी बोलणं सुरू आहे. बाकीही काही सुधारणा मनात आहेत.

ज्या मैत्रिणींकडे डब्या उरल्या असतील, त्यांना पाण्यात करून बघायला सांगा. कोणाला बदलूनच हवी असेल तर आलं-तुळशीची देईन, तीत अंबाडी नाही, दूध चालतं. दुपारी एक ते चार सोडून कधीही या, फक्त डबी उघडलेली नसावी.