के. एल. रावांच्या नावावर खपवलेला मेसेज आणि आपलं पाणी

सध्या कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते असं: डॉ. के. एल. राव नावाचे थोर इंजिनिअर होते, पण नेहरूंनी त्यांना सत्तेच्या आसपास फिरकू दिलं नाही. त्यांनी १९६३ साली ‘गार्लंड कॅनॉल’ आखला, तो पुढाऱ्यांनी दाबला. झाला असता तर गंगेचं पाणी कोकणात आलं असतं, टँकर बंद झाले असते, चिपळूण बुडालं नसतं. तेव्हा गावोगावचे बंधारे सोडा आणि नदीजोड मागा.

मी असल्या मेसेजना उत्तर देत बसत नाही. पण हा मला आमच्या तात्यांनी पाठवला, आणि खाली लिहिलं, ‘यंदा बंधाऱ्याचं राहू दे, उगाच माणसं कशाला गोळा करायची.’ दरवर्षी सगळ्या वाडीला हाक मारून बंधारा घालायला वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, उतरवणारा माणूस हे म्हणत असेल तर गप्प राहणं मला जमणार नाही.

रावांना सत्तेपासून दूर ठेवलं, हे साफ खोटं आहे. १९०२ साली कृष्णा जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस बर्मिंगहॅमहून डॉक्टरेट घेऊन आला, केंद्रीय जल व विद्युत आयोगात वरच्या पदावर पोचला. नागार्जुनसागरसारख्या प्रचंड दगडी धरणाच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा. मग १९६२ साली ते काँग्रेसच्या तिकिटावर विजयवाड्यातून लोकसभेत गेले आणि पुढच्याच वर्षी खुद्द नेहरूंनी त्यांना पाटबंधारे व वीज खात्यात मंत्री म्हणून घेतलं. १९६७ आणि १९७१ लाही ते निवडून आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हेच खातं त्यांच्याकडे होतं. त्या पहाटे अंगणात धावलेली माणसं आपल्या गावांत अजून आहेत. ज्या काळात त्यांना दाबलं म्हणता, त्याच काळात ते मंत्री होते!

‘गार्लंड कॅनॉल’ रावांचा नव्हेच. तो कॅप्टन दस्तुर या वैमानिकाचा, १९७७ सालचा. हिमालयाच्या पायथ्याशी ४,२०० किलोमीटरचा एक कालवा आणि मध्य व दक्षिण भारताला वळसा घालणारा ९,३०० किलोमीटरचा दुसरा. तज्ज्ञांनी तो तांत्रिकदृष्ट्या अशक्य ठरवला. रावांची योजना वेगळी, १९७२ ची, गंगा-कावेरी जोड. मेसेज लिहिणाऱ्याने दोन माणसं, दोन योजना आणि तिसरंच साल एकत्र कालवलंय.

आता एक मान्य करतो. रावांची योजना बारगळली, हे खरं. पण कुणामुळे? नदीजोडचं काम ज्या सरकारी संस्थेकडे आहे त्या राष्ट्रीय जल विकास अभिकरणानेच हा इतिहास मांडलाय. पाटण्याजवळ गंगेच्या पुराचं ६०,००० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी वर्षातून १५० दिवस उचलायचं, त्यातलं ५०,००० क्युसेक पंपांनी ५४९ मीटर वर चढवून दक्षिणेकडे न्यायचं. रावांनी खर्च धरला १२,५०० कोटी. केंद्रीय जल आयोगाने तपासून सांगितलं की हा अंदाज फारच कमी आहे, नुसतं पाणी चढवायला ५,००० ते ७,००० मेगावॅट वीज लागेल आणि पूर काही आटोक्यात येणार नाही. म्हणजे जिथून राव राजकारणात आले त्याच संस्थेतल्या इंजिनिअरांनी हिशेब मांडून नकार दिला. आणि नकाशा उघडून बघा. ते पाणी कावेरीकडे जाणार होतं, घाटाच्या पलीकडून. सह्याद्री ओलांडून खाली कोकणात उतरणं त्यात नव्हतंच.

बरं, समजा घाटावरून पाणी आलं कोकणात. आलंच आहे की! कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत सोडलं जातं, तिथून दाभोळच्या खाडीत. कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणून कृष्णा पाणी तंटा लवादाने ते पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मुभा दिली आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८०० कोटी लिटर. एवढं पाणी खालून वाहत असताना चिपळूण-खेडच्या वरच्या वाड्यांना आणि धनगरवाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो. नदीत पाणी असणं आणि डोंगरावरच्या विहिरीत असणं यात किती अंतर आहे, हे हंडा घेऊन चढणाऱ्या बाईला विचारा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे, पण कातळावरून आणि जांभ्यातून तो झरझर निघून जातो. गंगा आणली तरी ती वाडीत थांबणार नाही.

थांबतं ते पाणी आपण अडवलेलं. वनराई बंधाऱ्याला लागतात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, वाळू-माती आणि माणसं. गोणी गच्च भरायची नाही, नाहीतर ती नीट बसत नाही. तोंड सुतळीने शिवायचं, सांधा चुकवून थरावर थर रचायचे, फटीत माती चोपायची. वहाळ वाहता आहे तोवरच हे करायला हवं, नोव्हेंबर-डिसेंबरात. उशीर झाला की अडवायला काही उरतच नाही. शेजारची विहीर त्यामुळे आणखी काही आठवडे तग धरते, आणि एप्रिलमध्ये तेवढेच आठवडे जीव वाचवतात. सगळी टंचाई याने मिटत नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून हातातलं सोडून कुठल्या कॅनॉलची वाट बघायची? तात्या, तुम्ही हाक मारली नाहीत तर कोणी यायचं नाही. तुम्ही माणसं बोलवाच.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. रावांचा एक डोळा म्हणे धरणाच्या स्फोटात गेला. नाही, तो शाळेत असताना खेळताना झालेल्या इजेने गेला. ‘पाणी समुद्रात वाया जातं’ म्हणणाऱ्याने खाडीत मासेमारी करणाऱ्यांकडे एकदा जाऊन यावं.

आणि चिपळूणचा पूर. २२ जुलै २०२१ ला ज्यांची दुकानं, घरं, कागदपत्रं गेली त्यांच्या दुःखावर ही थाप रचलीय याचा मला सर्वात जास्त राग आहे. डोंगरात कोसळलेला पाऊस, समुद्राची भरती आणि गाळाने भरलेलं पात्र, यावर पाटण्याचा पंप काय करणार होता? वाशिष्ठीचा गाळ काढा म्हणून चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं. पुढे पाठवायचंच असेल तर गाळ दरवर्षी निघतो की नाही, हा प्रश्न पाठवा.