8 सेकंदांची एकाग्रता आणि 21 दिवसांचा उतारा

स्मार्टफोनच्या व्यसनाविषयीचा एक मजकूर थोड्याफार फरकाने कुटुंबाच्या, शाळेच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा: फोनमुळे माणसाची एकाग्रता 12 सेकंदांवरून 8 सेकंदांवर, म्हणजे गोल्डफिशच्याही खाली आली, मोबाइलच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेने आजार ठरवले, फोनमुळे मेंदूत डोपामिन हे रसायन साचते, पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळे निकामी होतात, आणि 21 दिवस फोन बंद ठेवला की सवय सुटते. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नाही, आणि फोन जेवणाच्या ताटापासून झोपेपर्यंत सगळीकडे घुसला आहे हेही खरेच. परंतु निदान चुकले की औषधही चुकते.

8 सेकंदांचा आकडा जगभर पसरला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालामुळे. कंपनीने त्यासाठी स्वतःच्या पाहण्या केल्या होत्या, पण हा आकडा त्यांतून निघालेला नव्हता. तो आकडेवारी गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावरून घेतलेला होता. 2017 साली बीबीसीने त्या संकेतस्थळाने नमूद केलेल्या स्रोतांकडे विचारणा केली, तेव्हा अशा संशोधनाची नोंद कोणाकडेच सापडली नाही. (बिचाऱ्या गोल्डफिशला यात उगाच ओढले आहे, हा मासा शिकतो आणि लक्षात ठेवतो, म्हणूनच तर प्रयोगशाळांत स्मरणाच्या अभ्यासासाठी तो वापरला जातो.) या विषयावर खरोखर मोजमाप केले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी. 2004 च्या सुमारास माणसे संगणकाच्या एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे थांबत. अलीकडच्या काळात ही सरासरी सुमारे 47 सेकंदांवर आली. ही घसरण गंभीर आहे, मात्र लक्ष किती काळ टिकू शकते हे त्यातून मोजले गेलेले नाही, आपण किती वेळाने पडदा बदलतो एवढेच मोजले गेले आहे. रात्री दोन तास सलग रील्स पाहणाऱ्याची क्षमता शाबूत असते. बिघडलेला असतो तो लक्ष कुठे द्यायचे याच्यावरचा ताबा.

जागतिक आरोग्य संघटनेविषयीचा दावा अर्धाच खरा आहे. संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये मंजूर झाली आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात गेम खेळण्याच्या विकाराचा समावेश आहे, स्मार्टफोनच्या व्यसनाचा नाही. तिथेही खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे ही लक्षणे साधारणतः 12 महिने दिसावी लागतात. हा काथ्याकूट वाटेल, पण ऑनलाइन रमीत पगार घालवणारा तरुण आणि दर पाच मिनिटांनी स्टेटस पाहणारी विद्यार्थिनी यांना एकाच आजाराचे रुग्ण मानले, तर दोघांनाही चुकीचा सल्ला मिळेल. मदतीसाठी आजाराच्या शिक्क्याची वाट पाहावी लागत नाही. बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 2014 पासून स्वतंत्र सेवा चालते.

डोपामिन हे काही शरीरात साचणारे विष नाही. ते कमी पडले तर हालचालींवर परिणाम होतो, पार्किन्सन्समध्ये नेमके हेच घडते. त्यामुळे फोनसारख्या गोष्टी काही काळ टाळण्याचा 'डोपामिनचा उपवास' शब्दशः घेण्यात अर्थ नाही. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी 1990 च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, इशाऱ्यानंतर फळाचा रस मिळतो हे एकदा शिकल्यावर डोपामिनच्या पेशी रसापेक्षा त्या इशाऱ्यालाच प्रतिसाद देऊ लागतात. फोनच्या बाबतीत विचार करायचा तो इथे. नोटिफिकेशनचा लाल ठिपका हा तसाच इशारा असतो, आणि त्यामागे कधी महत्त्वाचा निरोप असतो, कधी काहीच नसते. त्यात 2006 साली डिझायनर अझा रास्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली आणि पानाच्या शेवटी मिळणारी थांबण्याची जागाही गेली. दोष केवळ वापरणाऱ्याच्या मनोनिग्रहावर ढकलणारा हा मजकूर या रचनेबद्दल अवाक्षर काढत नाही.

निळ्या प्रकाशाबद्दल थोडक्यात सांगता येईल. पडद्याच्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होत असल्याचा पुरावा नसल्याचे अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटना सांगते आणि त्यासाठीच्या खास चष्म्यांची शिफारसही करत नाही. डोळे चुरचुरतात ते पापण्या कमी मिटल्यामुळे.

राहिले 21 दिवस. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 च्या लेखनातून आला. रुग्णाला शस्त्रक्रियेनंतरच्या चेहऱ्याची सवय होण्यास किमान तेवढे दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. लंडनमध्ये झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी 66 दिवस लागल्याचे दिसले, आणि माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. शिवाय यूपीआयवर धंदा चालवणाऱ्या भाजीवाल्याने किंवा पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी भरणाऱ्या अंगणवाडी सेविकेने तीन आठवडे फोन बंद ठेवायचा तरी कसा? त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली काढलेली वाट अधिक व्यवहार्य आहे. तिथे संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे ठरले. शेजारचा मुलगाही त्याच वेळी फोनपासून दूर असल्याने आपले काही हुकते आहे ही धास्ती कमी होते, आणि भोंगा मोठ्यांनाही लागू असतो, जी अट 21 दिवसांच्या त्या मजकुरात कुठेच नाही.