देतो ना भो!

उधारीचे पैसे घालवायचे असतील तर घाई करू नका. निवांत बसा. मी तीन वर्षं दोन महिने बसलो. परवा जळगावला वकिलांकडे गेलो, तर त्यांनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "केळी कापली कधी?"

लिहून तर काहीच घेऊ नका. नात्यातला माणूस, सही मागितली तर त्याला काय वाटेल?

सणावारांवर श्रद्धा ठेवा. "आखाजीले देतो ना भो." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, गेली. मग कानबाईचे रोट होऊ दे. मग पोळा. मग कापूस विकला की देतो. मग सारंगखेड्याची यात्रा, तिथे हा गडी घोडा बघायला जातो. घोडा! माझ्या केळीच्या पैशावर! की पुन्हा आखाजी, आणि आपण त्याच्याच ओट्यावर चहा पीत "असू दे, सावकाश." तोंडी वायद्याने दावा लावायची मुदत एक दिवससुद्धा वाढत नाही हो! पैसे द्यायची तारीख आधी ठरली नसेल, तर 1963 चा मुदत कायदा उधारीच्या मालाला माल दिल्यापासून तीन वर्षं देतो. त्या तीन वर्षांत त्याने "देणं आहे" एवढं लिहून खाली सही केली असती, तर तिथून नवी तीन वर्षं मिळाली असती. एका ओळीचा कागद!

वकिलाची फी वाचवा.

आणि समोरचा कोर्टात मुदतीचा विषयच काढणार नाही, अशी आशा धरा. त्याने नाही काढला तरी न्यायाधीशांना दावा फेटाळावाच लागतो, पण आशेला कुठे स्टँप लागतो?

मी वकिलांवरच भडकलो. हा कायदा बुडव्यांसाठी केलाय का? ते शांतपणे म्हणाले, "माल मोजणारा कुठे आहे?" वारला. "काट्याची चिठ्ठी?" वाळवीने खाल्ली. "उद्या कोणी तुमच्या आजोबांची उधारी मागत आला, तर फेडल्याची पावती कुठून आणाल?"

आता सरळच बोलतो. हळदीचा मुहूर्त मिनिटावर पाळता आणि स्वतःच्या पैशाची तारीख माहीत नाही? उशीरमाफीचा अर्ज अपिलाला चालतो, दाव्याला नाही. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी चालतं, सुट्टीची सूट तेवढीच. दोन वर्षं अकरा महिने झाले असतील तर हे वाचत काय बसलात? काढा ना ती वही! देणं अजून आहेच, फक्त कोर्टाचं दार बंद झालंय म्हणे. हे सांगितल्यावर खतवाला मला पोतं देतो का?

काल त्या घोडेवाल्या गड्याचा फोन आला होता. भरीत-पुरीला बोलावलंय. वांगी तुझ्याच मळ्यातली आण म्हणाला.