दोघांचं घर आणि अनलिमिटेड थाळीचा हिशोब

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक हिशोब फिरतोय: 'दोघांसाठी घरी स्वयंपाक करणं आता तोट्याचं. गॅस महाग, भाकरी विकतचीच आणावी लागते, भाजी अर्धी वाया जाते, वेळ जातो तो वेगळाच. त्यापेक्षा दीडशे रुपयांची अनलिमिटेड थाळी परवडते.' शिकायला आलेली पोरं आणि नव्यानं संसार मांडलेली जोडपी हे वाचून शेगडी बंद करतायत, म्हणून हा हिशोब तपासायलाच हवा.

गॅसचं लवकर उरकतं. सिलिंडर 14.2 किलोचा, 900 रुपये धरले तर किलोला साधारण 63. एका कुकरात डाळ-भात लावला आणि वीस मिनिटं गेली, तरी तीन-चार रुपयांचा गॅस जळतो.

भाकरीचा मुद्दा मात्र खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. ज्वारी 60 रुपये किलो धरा, वर दळणाचे पैसे. किलोभर पिठात दहाएक भाकऱ्या होतात, म्हणजे घरची भाकरी सात रुपयांच्या आसपास, गॅस वेगळा. शिवाय दोघांच्या घरात पीठ संपायच्या आत त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना तुटते. गल्लीतल्या मावशींकडे ताजी भाकरी दहा-पंधराला मिळत असेल, तर वरचे तीन-आठ रुपये त्यांच्या हातांचे आहेत. ते आनंदानं द्यावेत.

आता कालवण बघा. मटकी 120 रुपये किलो धरली तर 100 ग्रॅमचे 12 रुपये. मोड आले की ती दुपटीच्या वर फुगते. तेल, कांदा, मसाला धरून पंचविसेक रुपयांत दोघांची उसळ होते. हॉटेलातल्या एका प्लेटचा दर आठवा. भाकरीत घर आणि बाहेर यांच्यात थोडाच फरक आहे, उसळीत कितीतरी पट. म्हणून भाकरी बाहेरची आणि कालवण घरचं. सोलापूरसारख्या गावात हे सहज जमतं, कारण इथे कडक भाकरीही पाकिटात मिळते. ती बरेच दिवस टिकते आणि आमटीत चुरून खाल्ली की पोट भरतं. शेंगाचटणीही विकतच घ्या. मिक्सरला ती कोरडी भुकटी होते, उखळात कुटली की दाण्यांचंच तेल सुटतं, आणि आपण पैसे त्या कुटण्याचे देतो. पावशेर आणली तरी दोघांना पुष्कळ दिवस जाते.

भाजी वाया जाते हे पालेभाजीबाबत मान्य. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की मेथीची जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते. पण लक्ष्मी मंडईत पावशेर वांगी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. आणि मटकी, हुलगे, तूर यांना फ्रिज कशाला लागतो? उन्हाळ्यात कडधान्यावर भर द्यावा. हुलग्याचं माडगं तर आपल्याकडचं जुनं, पोटभरीचं आणि स्वस्त जेवण आहे.

राहिली थाळी. तिचा दर सरासरीवर बसवलेला असतो: तीन पोळ्या खाणारा आठ पोळ्या खाणाऱ्याचे पैसे भरतो. अक्कलकोट-तुळजापूर करून दुपारी भुकेला परतलेल्या माणसाला ती जरूर परवडते. रोज घेतली तर दोघांचे एका वेळेचे 300 रुपये होतात. बाहेर जेवलात तर बिल नीट वाचा. सेवाशुल्क सक्तीचं नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच तसं स्पष्ट केलंय. ॲपवर मागवण्याआधी हॉटेलातला दर विचारा. पुष्कळदा ॲपवर पदार्थाचाच भाव चढा असतो आणि पॅकिंग, डिलिव्हरी त्यावर पडते. माझ्या मते बाहेरचे पैसे मोठ्या आचेच्या, सरावाच्या हाताच्या पदार्थांवर घालवावेत. शीक कबाब घरच्या शेगडीवर तसा होत नाही. वरण-भातासाठी मात्र हॉटेलात बसू नये.

शेवटचा मुद्दा वेळेचा. मटकी रात्री भिजते, दुसऱ्या रात्री फडक्यात मोड काढते, तेव्हा आपण झोपलेले असतो. फोडणीपासून ताटापर्यंत अर्धा तास लागतो. संध्याकाळी गाडी काढून थाळीवाल्याकडे जायला, टेबलाची वाट बघायला आणि परत यायला याहून जास्तच वेळ जातो.